काटा

हर्णैला बर्फाच्या कारखान्यात
बावीस वर्षं काट्यावर बसतो मी.
लादी किती, चुरा किती, कुठल्या बोटीच्या नावावर.
पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर
आकडा बघायच्या आधी मला कळतं.
म्हणून सांगतो, करली चौदा किलो दोनशे.
चौदा म्हणा, साडेचौदा म्हणा, असलं नाही.
चौदा दोनशे.
दर रविवारी चढवायचो तिला पाटावर,
ती जीभ बाहेर काढून गार लोखंड चाटायची.

जेटीखाली सापडली तेव्हा
अंगावर मांस नावाला, बाकी काटेच.
वत्सला म्हणाली, ही करलीच हो.

नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी
बोटी बाहेर पडल्या
आणि हिचे मागचे पाय गेले.
सकाळी मला बघून शेपूट हलवायला गेली,
शेपूट हललंच नाही.
तिने मागे वळून पाहिलं,
दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

कुणी म्हणालं, पुण्याला न्या, मणक्याचे स्पेशालिस्ट आहेत.
गाडीचे साडेसात हजार. ताम्हिणीत तीनदा ओकली,
दोनदा माझ्यावर.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटचं नाव?
करली.
आडनाव?
मी वत्सलाकडे पाहिलं.
पावसे, ती म्हणाली. लिहा. करली पावसे.

एक्सरे उजेडाला धरला त्यांनी.
तेव्हा पहिल्यांदा दिसली आतून.
खरंच करली होती.

मोठे डॉक्टर अकरा मिनिटं होते समोर.
मोजणं माझा धंदा आहे, मी मोजली.
अकराही मिनिटं पडद्याकडे बघत होते.
हात लावला नाही.
ती मात्र त्यांचा बूट हुंगत होती,
पुढच्या दोन पायांवर जेवढं सरकता येतं तेवढं सरकून.

कागदावर वजन होतं एकोणीस चारशे.
म्हटलं, साहेब, हे चुकलंय.
आमचं मशीन डिजिटल आहे, मदतनीस म्हणाला.
म्हटलं, गोळ्या वजनावर असतात ना?
सर मीटिंगमध्ये आहेत.

शेहेचाळीस हजार तीनशे पन्नास.
पडवीच्या पत्र्यांचे पैसे होते ते.
पावतीखाली निदान, एकच शब्द: इडिओपॅथिक.
येताना माणगावला चहाला थांबलो,
तिथून भाचीला फोन लावला, ती नर्सिंग शिकते.
ती जरा गप्प राहिली.
मामा, त्याचा अर्थ, का झालं ते माहीत नाही.

वत्सलाने बशीतला चहा करलीपुढे ठेवला.
माहीत नाही म्हणायला
एवढं लांब कशाला बोलावलं, म्हणाली.

त्या गोळ्यांनी दोन दिवस उठली नाही.
तिसऱ्या दिवशी गोळी घेऊन दापोलीला गेलो, सोनाराकडे.
नाजूक काटा त्याच्याकडेच.
चौदा दोनशे भागिले एकोणीस चारशे,
हिशेब कागदावर करून नेला होता.
त्याने गोळी कापली, तोलली,
पुन्हा टोकरली, पुन्हा तोलली.
मजुरी? हसला नुसता.
चूक असेल. डॉक्टर नाही मी.
चौथ्या दिवशी तिने डोकं उचललं.

खेडेकर आले होते शेजारच्या म्हशीला बघायला.
गुरांचे डॉक्टर, रिटायर, कोपरापर्यंत शेणाचा वास.
खाली बसले. मानेपासून बोटं फिरवत नेली,
एकेका मणक्यावर थांबत,
अंधारात जिना उतरतात तशी.
मागच्या पंजाला चिमटा काढला. करलीने वळून बघितलं.
का झालं ते मलाही नाही सांगता यायचं, म्हणाले,
पण बघते आहे अजून.
पाय चोळत राहा. ओल्या वाळूत उभी करा.
पैसे घेतले नाहीत.
लसींच्या डब्यासाठी बर्फ तेवढा मागितला.
मी दिला. न तोलता.

काल पुण्याहून फोन.
आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?
चौदा दोनशे, म्हणालो.
सर, पाचपर्यंतच आहे.
हो, म्हणालो, तिथेच तर अडतंय.
ती काही बोलली नाही. लहान मुलगी असावी.
मग मलाच वाईट वाटलं.

आज रविवार.
बर्फाच्या गोणपाटाची झोळी केली तिच्या कमरेखाली,
पुढचे पाय पाटावर ठेवले.
आकडा नऊवर गेला, आठवर आला,
पुन्हा नऊ.
मागचा भार माझ्या हातात,
आणि हात काही केल्या स्थिर राहीना.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
वहीत काय लिहावं कळलं नाही.
ती लोखंड चाटत होती.